हिरव्या चिंधीची छत्री

त्या दुपारी कुवेतवर धूळ उतरली होती. इथे राहणाऱ्यांना ते नवीन नाही. भर दुपारी आकाश हळदीसारखं पिवळं होतं, मग विटेसारखं लाल, आणि माणसं खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून चहा टाकतात. मी लॅबमध्ये होते. एका खाजगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करते मी, गेली कित्येक वर्षं. भावोजींचा फोन आला. दुपारी ते कधी फोन करत नाहीत. इतक्या शांत आवाजात बोलले की मला वाटलं, बांगडे आणलेत, संध्याकाळी जेवायला ये म्हणतील. "मंजू," ते म्हणाले, "सुनू जेवाक उठना नाय." मी विचारलं, झोपलीय का? ते म्हणाले, "हां. पण उठना नाय." बस, एवढंच... मी हातमोजे काढायचेही विसरले आणि तशीच टॅक्सीत बसले.

सुनू म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, सुनंदा. आम्ही मालवणजवळच्या एका गावच्या. भावोजी, सदानंद, कंत्राटावर इलेक्ट्रिशियन म्हणून इथे आले, बरीच वर्षं सात-आठ जणांच्या खोलीत राहिले, पुढे सुपरवायझर झाले तेव्हा कुठे फॅमिली व्हिसा मिळाला आणि ताई आली. ताईच्या मागून मी आले. रुमैथियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी पोचले तेव्हा ताई कुशीवर झोपलेली होती, एक हात उशीखाली, लहानपणी झोपायची तशीच. जेवणाचं ताट टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. आणि भावोजी त्या ताटापाशी बसून होते. ते तिथून उठायलाच तयार नव्हते. ती उठली तर तिला गरम करून द्यायचं म्हणत होते.

खरं सांगायचं तर ताई गेली हे मी फार लवकर मान्य केलं. माझ्या धंद्यात माणूस गेलेला कळतो. मला भीती वाटत होती ती भावोजींची. मृतदेह गावी नेला, सगळं रीतसर झालं, ते परत कुवेतला आले, आणि त्यांचं जेवण बंद झालं. उपास म्हणावा तर तसंही नाही. ताट वाढलं की समोर बसायचे, भात कालवायचे आणि कालवलेला भात बघत राहायचे. सहा फुटांच्या वर उंचीचा हा माणूस, कोकणात असा उंच माणूस सहसा दिसत नाही, तो बघता बघता आपल्याच कपड्यांत लोंबायला लागला. मी रोज डबा नेई आणि रोज तो भरलेलाच परत आणी. एक दिवस मी कोणाला न सांगता त्यांचं रक्त काढून नेलं आणि रिपोर्ट बघून लॅबच्या जिन्यात बसून रडले. ताईच्या मागोमाग हेही निघाले, असं मला स्पष्ट दिसत होतं. ते थांबवायला माझ्याकडे काय होतं, तर एक डबा.

पण मला लिहायचंय ते ताईच्या चीनबद्दल. कुवेतमधले मराठी लोक सुट्टीत गावी जातात, फार तर दुबईला जाऊन उंच इमारतीखाली फोटो काढतात. हे दोघं चीनला जायचे. तेही टूरबरोबर नाही, आपले आपण. झालं असं, की भावोजींच्या साइटवर काही चिनी कामगार होते. त्यांतल्या एकाने दुपारच्या डब्यातली वाफवलेली मोदकासारखी पुडी भावोजींना खायला दिली. भावोजींनी त्यातली अर्धी घरी आणली. ताईने ती खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "ही जिथे करतत थंय जावक व्हया." झालं. नवऱ्याची टिंगल करायला ती कधी थकायची नाही, पण खाण्याच्या बाबतीत दोघांचं एकमत. पुढचे कित्येक महिने शर्कच्या मासळीबाजारात जाता-येता, गाडीत, फोनवर, चीनचं प्लॅनिंग. "एक शब्द येत नाही, आणि चाललेत," असं मी म्हटलं की ताई म्हणायची, मला कुवेतला आले तेव्हा अरबी येत होतं का?

पहिल्यांदा ती दोघं चेंगडूला गेली. ताईचा नियम एकच होता, टॅक्सीवाले जिथे जेवतात तिथे जेवायचं. हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडून ही बाई नवऱ्याला घेऊन सकाळीच गल्ल्यांतून वास घेत फिरायची. पहिल्याच दिवशी तिने मला फोन केला, इतकी ओरडत होती की मला वाटलं पासपोर्ट हरवला. "मंजे, हंय तिरफळा आसत गो! आपली तिरफळा!" बांगड्याच्या आमटीत आपण घालतो ते तिरफळ. तिकडे त्याची सख्खी बहीण मिळते, लाल सालीची, आणि तिकडचे लोक ती सगळ्यात घालतात. जिभेला मुंग्या येतात. ताईला ते देश सापडल्यासारखं झालं होतं. पुढे ती त्याची बरणी भरून आणायची आणि शर्कच्या बाजारातले बांगडे त्यात करायची. ती आमटी खाल्ली की ओठ सुन्न व्हायचे आणि आम्ही तिघं एकमेकांचं बोलणं न कळता हसत बसायचो.

तर त्याच पहिल्या चेंगडूत ती छत्रीची गोष्ट घडली. एका बारक्या गल्लीत, एका जुन्या देवळाच्या मागे, शेवयांचं दुकान होतं. दुकान कसलं, चार टेबलं आणि एक चूल. चुलीशी एक म्हातारी, केस अगदी पांढरेफेक. ही दोघं आत शिरली आणि म्हातारी भावोजींकडे बघून उठलीच. ओळखीचं माणूस आल्यावर उठतात तशी. काहीतरी बडबडत आत गेली आणि एक काळी छत्री घेऊन आली. ती भावोजींच्या हातात द्यायला लागली. भावोजी हात हलवून नको-नको म्हणतायत, म्हातारी ऐकत नाही. शेवटी ताईने फोनमधलं भाषांतराचं यंत्र तिच्यापुढे धरलं. म्हातारी त्यात बोलली. ताईने वाचलं आणि नवऱ्याला सांगितलं, "म्हणता, मागच्या खेपेक तुम्ही छत्री इसारलास." भावोजी हसून म्हणाले, मागच्या खेपेला मी कुवेतमध्ये वायरिंग करत होतो. दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. छत्री काही त्यांनी घेतली नाही. शेवया खाल्ल्या आणि दोघं बाहेर पडली. म्हातारी छत्री घेऊन दारात उभी होती, गल्ली वळेपर्यंत.

हे ताईने मला फोटोसकट कळवलं. फोटोत भावोजींचे नको म्हणणारे दोन हात, म्हातारीचा अर्धा चेहरा, आणि मधोमध ती छत्री. छत्रीच्या मुठीला हिरवी चिंधी बांधलेली. मी गंमत म्हणून लिहिलं, चिन्यांना आपण सगळे सारखेच दिसतो वाटतं. यावर ताईचं उत्तर आलं, "ह्या उंचीचो दुसरो माणूस खंय गावतलो थंय?" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "गाठ बघ गो. आवशीची गाठ आसा ती."

आता ही गाठ सांगायला हवी. आमच्याकडे पावसाळ्यात शाळेच्या कोपऱ्यात शंभर छत्र्यांचा ढीग पडायचा, सगळ्या काळ्या. आपली ओळखायची कशी? म्हणून घरोघरी आया मुठीला जुन्या लुगड्याची नाहीतर परकराची चिंधी बांधत. आमच्या आईची पद्धत वेगळी होती. दोन गाठी मारायची आणि मध्ये एक सैल फासा ठेवायची, म्हणजे छत्री खुंटीला टांगता यायची. ती गाठ आम्ही दोघी बहिणींनी उचलली. पिशव्यांना, पाण्याच्या बाटल्यांना, विमानतळावरच्या बॅगांना, आम्ही अजून तशीच चिंधी बांधतो. "चीनमध्ये आपली आवस कधी गेल्ली?" असं मी ताईला विचारलं आणि विषय संपवला. नमुना तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. फासा ठेवून गाठ मारायची अक्कल जगात फक्त आमच्या आईलाच होती असं थोडंच आहे!

पण ती दोघं परत आल्यावर एक दिवस आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो, भावोजी ड्युटीवर. ताई कोळंबी सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, त्या म्हातारीने अजून काही सांगितलं होतं, ते मी ह्यांना सांगितलं नाही. म्हातारी म्हणाली होती, मागच्या वेळी तुझा नवरा एकटाच आला होता. पहिला वाडगा समोर ठेवून नुसता बघत बसला. तो थंड झाला. मग रडला. मी दुसरा गरम वाडगा दिला, तो खाल्ला, आणि मग तो थंड झालेलाही खाल्ला... ताई हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मी म्हटलं, कुठल्यातरी दुसऱ्याची गोष्ट असेल ती, यंत्राने काहीतरी भलतंच लावलं असेल. ताई म्हणाली, असेल. मग कोळंबी धुवून घेतली आणि हळद लावताना म्हणाली, "काय पण म्हण, माका आता ह्यांची काळजी नाय. हे जेवतले." हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मी धड विचारलंही नाही.

पुढच्या खेपेला ती दोघं शिआनला गेली. जुन्या शहराभोवती रुंद तटबंदी आहे, आणि तिच्यावरून भाड्याच्या सायकली चालवता येतात. तिथेही तेच. सायकलवाला भावोजींना बघून हसला, आत गेला, आणि रांगेतली सायकल न देता मागून एक वेगळीच घेऊन आला. बैठक आधीच भावोजींच्या उंचीला वर केलेली. हँडलला ओळखीसाठी कसलंतरी फडकं बांधलेलं. मग ताईकडे बोट दाखवून दोन बोटं वर केली आणि खूश होऊन मान हलवली. या वेळी दोघं आलात, छान. इतकं तर यंत्राशिवायही कळत होतं. भावोजी चिडले. "माझ्यासारखो कोण मेलो फिरता हो हंय?" असं म्हणत त्यांनी सायकल मात्र घेतली, कारण बैठक बरोबर होती. ताईने त्यांचा मागून फोटो काढला. रात्री हॉटेलात भावोजी म्हणाले, ह्या देशात माझा जुळा भाऊ आहे, तो शोधू. ताई हसली नाही म्हणे. तिने त्यांना विचारलं, एकटे आलात कधी तर काय खाल? ते म्हणाले, तू नसशील तर मी येईन कशाला?

त्यानंतर ती कोरोनाच्या बंदीची वर्षं आली. कोणीच कुठे गेलं नाही. ताईच्या बरणीतली तिरफळं संपत आली तेव्हा ती दोन-दोन दाणे मोजून घालायची. त्यांची मुलगी शाल्मली कॅनडात शिकायला गेली आणि तिथेच राहिली. ताईला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मग चीनचं दार पुन्हा उघडलं आणि ही दोघं कुनमिंगला गेली. तिथे त्यांना कोणीही ओळखलं नाही. कोणी आधीपासून स्टूल मांडून ठेवलेलं नव्हतं, कोणी हसलं नाही. भावोजींना हायसं वाटलं. ताई मात्र खट्टू झाली. "हंय नाय येनत वाटता," असं ती स्वतःशीच म्हणाली, हे मला भावोजींनी नंतर सांगितलं. कोण येणार नाही, हे त्यांनी विचारलं नाही. तिथल्या बाजारातून तिने सुती कापड आणलं, गर्द हिरवं, काठाला पांढऱ्या पानांची वेल छापलेली. हवल्लीतल्या शिंप्याकडून त्याचा कुर्ता शिवून घेतला. तो तिला लांब झाला होता. खालून कापून घ्यायचा म्हणून महिनोन् महिने खुर्चीच्या पाठीवर पडलेला असे.

आणि या वर्षी तिने पुन्हा चेंगडूची तिकिटं काढली. इतकी वर्षं ती चेंगडू टाळत होती हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, आता काय एकदम? ती म्हणाली, छत्री आहे का बघायचं. चेष्टाच करत होती, डोळ्यांत तेच हसू. व्हिसा लागले, हॉटेल ठरलं. मग ती धुळीची दुपार आली.

भावोजी गावाहून परतल्यावर ती तिकिटं तशीच होती, दोघांची. शाल्मली फोनवर म्हणाली, "बाबा, कॅन्सल इट. यू नीड रेस्ट." ओळखीचे चार लोक भेटायला आले, त्यांनाही रद्द करणंच बरं वाटलं. बायकोला जाऊन पुरते दोन महिने नाहीत आणि हा चीन बघायला निघाला, असं लोक म्हणाले असते, आणि पुढे म्हणालेच. जायला सांगणारी एकटी मी होते. का, ते माझं मलाही धड सांगता येणार नाही. त्या म्हातारीचं बोलणं मला आठवलं असं मुळीच नाही, ते मी केव्हाच विसरले होते. फक्त एवढं दिसत होतं की या घरात, या टेबलाशी, ताटासमोर, हा माणूस जेवणार नाही. दुसरीकडे कुठे जेवला तर जेवेल. "ताईने काढलेलं तिकीट आहे, फुकट घालवू नका," असं मी रागावून म्हटलं. त्यांनी उठून बॅग काढली.

तिकडे पावसाचे दिवस होते. कुवेतमध्ये घरात छत्री कोण ठेवतो! माझ्याकडे एक होती, गावाहून आणलेली, कपाटात पडलेली. ती घेऊन मी त्यांच्याकडे गेले. माझ्या मनात आलं, हा माणूस सध्या चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, छत्री काय सांभाळणार. ओळखीची खूण हवी. खुर्चीच्या पाठीवर ताईचा तो हिरवा कुर्ता होता. नाहीतरी खालून कापायचाच होता. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, आणि ती बोथट, त्यामुळे कापड तिरकं गेलं, एक पान अर्ध्यात कापलं. चिंधी मुठीला बांधली. दोन गाठी, मध्ये सैल फासा. हात आपोआप चालले. मी तेव्हा कशाचाही विचार करत नव्हते, फक्त कुर्त्याला अजून ताईचा वास होता तेवढा आठवतो.

ते परत आले त्या दिवशी मी डबा घेऊन गेले. दार त्यांनीच उघडलं. वाळलेले होतेच, पण डोळे जागेवर आले होते. स्वतः चहा केला आणि म्हणाले, डब्यात काय आहे? हे त्यांनी ताई गेल्यापासून विचारलं नव्हतं. बसले आणि जेवले. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आले. जेवता जेवता ते सांगत होते. पहिले दोन दिवस हॉटेलातच पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी त्या देवळामागच्या गल्लीत गेलो. दुकान आहे तिथेच. म्हातारी पण आहे. "पण तिना माका वळखूक नाय गो," ते म्हणाले, जरा दुखावल्यासारखे. "पयल्यांदाच बघता तशी बघी होती." मी म्हटलं, वय झालं असेल, विसरली असेल. ते म्हणाले, तसं नाही, उलट म्हातारी आधीपेक्षा तरतरीत दिसत होती. "केस काळे दिसले तिचे. बरेचसे काळे. रंगवल्यान आसतले..."

मग म्हणाले, तिने वाडगा ठेवला. खाववेना. तुझ्या ताईची जागा समोर रिकामी. थंड होईपर्यंत बघत बसलो, आणि मग मेलं रडूच आलं, परक्या देशात, परक्या बाईसमोर. "तिना काय एक विचारूक नाय. दुसरो वाडगो हाडून ठेयल्यान. गरम. तो खाल्लंय. मगे पयलोव खाल्लंय, थंड झाल्लो तो." तेवढं सांगून ते लाजल्यासारखे हसले. बाहेर आलो तर पाऊस थांबला होता. तसाच चालत निघालो.

मी विचारलं, "छत्री?"

ते थबकले. दाराकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. मग म्हणाले, "इसारलंय थंयच."

मला आधी रागच आला, माझी चांगली छत्री गेली म्हणून. आणि मग माझ्या हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला. कोळंबी सोलणारी ताई दिसली. तिने सांगितलेलं एकेक वाक्य, त्याच क्रमाने, आत्ता या माणसाच्या तोंडून आलं होतं, ज्याला ते कधी सांगितलंच नव्हतं. ताईचा जुना मेसेज मी फोनमध्ये शोधायला लागले. घाईत दोनदा भलताच फोटो उघडला. शेवटी सापडला. नको-नको म्हणणारे दोन हात, म्हातारीचा अर्धा चेहरा, काळी छत्री. मी मुठीपाशी मोठा करून बघितला. हिरवं कापड, पांढरी वेल. दोन गाठी, सैल फासा. चिंधीच्या टोकाला एक पान, तिरकं कापलेलं, अर्धं.

खुर्चीच्या पाठीवरचा कुर्ता मी उचलला. खालचा काठ टेबलावर पसरला. तिरका काप, आणि त्या कापावर उरलेलं दुसरं अर्धं पान. हा कुर्ता शिवायच्या कितीतरी वर्षं आधी, हे कापड कुनमिंगच्या बाजारात मिळायच्या आधी, ताईने तो फोटो मला पाठवला होता. मी लॅबमध्ये दोन नमुने शेजारी ठेवून बघते तसे ते दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मला चूक सापडावी अशी फार इच्छा होती. सापडली नाही. आजही सापडलेली नाही. कोणाला खुलासा सुचला तर मला नक्की सांगावा, मी आभारी राहीन.

भावोजींना सांगावं की नाही, हा प्रश्नच उरला नाही. ते माझ्या मागेच उभे होते. मी खुर्ची पुढे केली आणि त्या दिवशी कोळंबी सोलताना ताई जे बोलली होती ते सगळं सांगितलं. एकटे आलात, रडलात, दोन्ही वाडगे खाल्लेत. आणि ताई म्हणाली होती, हे जेवतले. ते ऐकत होते, बोट त्या अर्ध्या पानावर. बाहेर अजान झाली, संपली. मग ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तिना माका जेवताना बघल्यान... आणि मगे गेली."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! मला त्या क्षणी भीती वाटत होती, आणि तरीही इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताईचा हेवा वाटला. आपल्यामागे आपलं माणूस जेवेल की नाही, हे पोटात घेऊन आपण सगळेच मरतो. तिला उत्तर आधीच मिळालं होतं. इतकी वर्षं ती ते उत्तर जवळ ठेवून नवऱ्याची टिंगल करत, तिरफळं मोजत, मजेत जगली. कुठेतरी एका गल्लीत पाऊस थांबलेला असेल आणि ती म्हातारी छत्री सांभाळत बसली असेल. केस पांढरे व्हायची वाट बघत. मग एक दिवस माझी ताई, नवीकोरी, पहिल्यांदाच चीन बघायला आलेली, त्या दारातून आत शिरेल...

भावोजी आता जेवतात. परवा शर्कच्या बाजारातून बांगडे आणून स्वतः आमटी केली, तिरफळं जास्त झाली, आमचे दोघांचेही ओठ सुन्न. जेवण झाल्यावर त्यांनी आपल्या फोनमध्ये काहीतरी शोधून मला दाखवलं. शिआनची तटबंदी, सायकलवर त्यांची पाठ, ताईने मागून काढलेला तो फोटो. हँडलपाशी बोट ठेवलं आणि मोठं करून दिलं. हिरवं फडकं, पांढरी वेल. मी बघितलं आणि फोन परत दिला. कुर्ता अजून त्या खुर्चीच्या पाठीवरच आहे. मी तो धुवून, घडी करून कपाटात ठेवायला उचलला तेव्हा ते आतून म्हणाले, "थंयच ठेय गो तो. आणखी थोडा कापड लागतला." मी तो पुन्हा खुर्चीवर टाकला आणि भांडी घासायला घेतली.